खाडीवरची गरवायची (गळाने मासे पकडायची) जागा साफ कशी करायची: पोती भरायच्या आधीचं आणि नंतरचं सगळं

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतं, आम्ही पंधरा जण रविवारी खाडीवर साफसफाई करतोय, काय काय आणू? आणि दर वेळी ग्लोव्हज आणि पोत्यांवरच बोलणं सुरू होतं. अरे, पोती भरणं हे सगळ्यात सोपं काम आहे, ते कुणीही करतं. चुकतं ते आधी आणि नंतर. म्हणून जरा लांबलचक लिहितोय, क्रमाने वाचा, मधलं टाळू नका.

मी लिहितोय ते रत्नागिरीकडच्या खाड्या डोळ्यासमोर ठेवून, म्हणजे भाट्याची खाडी घ्या किंवा तशीच कुठलीही, जिथे एका बाजूला धक्का, दुसऱ्या बाजूला तिवरं (खारफुटीची झाडं), मध्ये चिखल आणि कालवांचे दगड, आणि संध्याकाळी पाच-सहा जण तरी तांबोशी नाहीतर काळुंद्रं मिळतील म्हणून गळ टाकून बसलेले. नदीच्या कोंडावर किंवा धरणाच्या काठावर करणार असाल तर भरती-ओहोटीचा भाग सोडून बाकी बहुतेक सगळं तसंच लागू आहे.

१. आधी एकदा रिकाम्या हाताने जाऊन या

साफसफाईच्या आठ-दहा दिवस आधी, ओहोटीला. काही उचलायचं नाही, फक्त बघायचं आणि फोटो काढायचे. कचरा कुठून आलाय हे बघितल्याशिवाय पुढचं काहीच ठरत नाही. साधारण चार प्रकार दिसतील.

आपण गरवणाऱ्यांनी टाकलेला: तंगूसचे (गळाच्या नायलॉन दोऱ्याचे) गुंते, गळांची पाकिटं, आमिषाच्या कोलंबीच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची रिकामी पाकिटं. हा धक्क्याच्या कडेला आणि बसायच्या दगडांच्या फटीत असतो.

वरून वाहत आलेला: नाल्याच्या तोंडाशी आणि तिवरांत अडकलेला, जास्त करून कॅरीबॅगा आणि डायपर.

समुद्रातून भरतीने आणलेला: चपला, थर्माकोल, जाळ्यांचे तुकडे, दोर. एका पायाच्या चपला एवढ्या का येतात हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आणि चौथा, मुद्दाम आणून ओतलेला. कोंबडीची पिसं, बांधकामाचा राडारोडा, जुनी गादी. हा चौथा प्रकार दिसला तर तो तुमच्या पंधरा जणांचं काम नाही, त्याला जेसीबी आणि ग्रामपंचायत लागते. त्याचा वेगळा फोटो आणि वेगळा अर्ज. त्यात हात घातलात तर सगळा दिवस एका गादीत जातो, भिजलेली गादी चार माणसांना उचलत नाही, अनुभव आहे.

तपासा: वाहन कुठपर्यंत येतं? टेम्पो जिथे उभा राहील तिथपासून कचऱ्यापर्यंत पावलं मोजा. दोनशेच्या वर असतील तर माणसं दुप्पट लागतील, कारण निम्मी माणसं नुसती वाहतूक करणार आहेत.

२. पोती कुठे जाणार ते ठरवा, मगच तारीख सांगा

हीच ती जागा जिथे जवळजवळ सगळे आपटतात. आम्ही पण आपटलो. पहिल्या वेळी तेवीस पोती भरली, सकाळी नऊला काम संपलं, धक्क्याच्या खाली तिवरांच्या सावलीत नीट रचून ठेवली, फोटो काढले, टेम्पो बाराला येणार होता तो चारला आला. उधाण होतं. दोनच्या सुमारास पाणी चढलं आणि आम्ही वर वडापाव खात असताना पोती एकेक करून निघाली. तोंडं बांधलेली नव्हती. त्यातली नऊ पुढच्या आठवड्यात खाडीच्या आतल्या अंगाला सापडली, बाकीची अजून कुठेतरी असतील. टेम्पोवाल्याला शिव्या घालून झाल्या पण चूक आमचीच, पोती भरतीच्या रेषेच्या खाली ठेवली कुणी?

तर आधी हे करा.

ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेत लेखी पत्र द्या, नुसता फोन नको. पत्रात तारीख, वेळ, अंदाजे किती पोती आणि गाडी कुठे यायला हवी एवढं लिहा आणि पोच घ्या. आदल्या दिवशी फोन करून गाडीच्या ड्रायव्हरचाच नंबर घ्या, साहेबाचा नाही. साहेब रविवारी फोन उचलत नाहीत.

भंगारवाल्याला एकदा जागा दाखवा आणि विचारा काय घेणार. स्वच्छ बाटल्या, काच, लोखंड, ॲल्युमिनियम शक्यतो घेतात. चिखलाने भरलेली बाटली कुणी घेत नाही. मासेमारीचं जुनं नायलॉन जाळं काही जण घेतात, काही नाही, ते आधीच विचारून घ्या.

तिवरांच्या आत शिरणार असाल तर वनखात्याला कळवा. सरकारी जमिनीवरची कांदळवनं बऱ्याच ठिकाणी राखीव वन आहेत, तिथे कोयती घेऊन वीस माणसं घुसलेली बघून कुणी तक्रार केली तर उत्तर देत बसाल. उलट आधी कळवलं तर कधीकधी त्यांचा माणूस पण येतो.

थांबा: गाडी नक्की होत नसेल तर तारीख पुढे ढकला. गोळा करून काठावर ठेवलेला कचरा हा विखुरलेल्या कचऱ्यापेक्षा वाईट, एकाच लाटेत सगळा जातो.

३. दिवस आणि वेळ: रविवार नाही, तिथी बघा

लोक रविवार सकाळी आठ ठरवतात आणि पोचतात तेव्हा पाणी धक्क्याला लागलेलं असतं. मग फोटोपुरतं वरवरचं उचलून परत.

जुना हिशोब सगळ्यांना माहीत असायला हवा: तिथीचा आकडा घ्या, तीनने गुणा, चारने भागा, पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी म्हणजे सहा. तृतीया म्हणजे सव्वादोन. शुद्ध असो की वद्य, मोजणी तीच, आणि वेळ दिवसाची-रात्रीची दोन्ही धरायची. भरतीत साधारण सहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतं, मुंबईकडे थोडी उशिरा येते, म्हणून हिशोबाने दिवस निवडा आणि नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यावर बघून घ्या, फोनवर मिळतो.

आता साफसफाईसाठी काय हवंय? सकाळी साडेआठ-नऊला ओहोटी. म्हणजे भरती अडीच-तीनला. म्हणजे तृतीया किंवा चतुर्थी. त्यातही पुनव-अमावस्येनंतरची ही तिथी असल्याने उधाणाचा जोर असतो, पाणी खूप खाली जातं, एरवी न दिसणारे दगड उघडे पडतात. अष्टमी-नवमीला भांगाची म्हणजे कमी जोराची भरती, पाणी ना धड वर ना धड खाली, तेव्हा नको.

सुरुवात ओहोटीच्या दोन तास आधी करायची. पाणी उतरत जातं तसं तुम्ही खाली सरकत जाता, आणि ओहोटी झाली की काम बंद, माणसं वर. ओहोटीला सुरुवात करणारे चढत्या पाण्यात सापडतात, ओल्या चिखलातून पोतं घेऊन परत येताना पाणी गुडघ्याला येतं तेव्हा कळतं. खाडीत पाणी मागून, छोट्या चरांतून येतं, समोरून नाही.

पावसाळ्यात? धक्क्यावरचं आणि रस्त्याकडेचं करा, चिखलात उतरू नका. आमच्याकडे लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पाण्यात पसरणाऱ्या तापाची) भीती खरी आहे, पायाला साधा ओरखडा असला तरी पुराच्या पाण्यात जायचं नाही. गणपतीनंतर, पाऊस ओसरला की सुरू करा, तेव्हा काम पण जास्त असतं.

४. सामान

पोती तांदळाची किंवा साखरेची, चांगल्या स्थितीतली. सिमेंटची जुनी पोती नकोत, उन्हात राहिलेलं ते विणकाम हातात सुटतं, पांढऱ्या पट्ट्या-पट्ट्या होतात आणि तुम्ही उचललेल्यापेक्षा जास्त प्लास्टिक खाडीत सोडून येता. प्रत्येक पोत्याला तळाशी दोन भोकं पाडा, पाणी निथळायला, नाहीतर वीस किलोचं पोतं चाळीसचं होतं. तोंड बांधायला सुतळी कापून आधीच खिशात.

ग्लोव्हज रबराचा थर असलेले, बांधकामवाले वापरतात ते. दवाखान्यातले पातळ ग्लोव्हज पहिल्याच कालवावर फाटतात.

पायात गमबूट नको. चिखलात रुततात, पाय वर येतो आणि बूट आत राहतो. नाडीचे जुने कॅनव्हास बूट घट्ट बांधून. स्लीपर तर अजिबात नको, कालवांनी पाय असा कापला जातो की महिनाभर लंगडाल.

झाकणाची जाड प्लास्टिकची बरणी, गळ आणि इंजेक्शनच्या सुयांसाठी. काचेसाठी रंगाचा रिकामा डबा. कात्री, कटर, चिमटा. आंबे काढायची आकडी, तिवरांत उंचावर अडकलेल्या पिशव्यांना ती बरी पडते. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधून, दगडांच्या फटीत आणि वाळूत फिरवायला. गंजके गळ पटापट येतात त्याला. स्टेनलेसचे सगळे येत नाहीत, म्हणून नंतर डोळ्याने बघायचंच.

प्यायचं पाणी कॅनमधून आणि स्टीलचे ग्लास. साफसफाईला येणाऱ्यांना पाण्याच्या छोट्या बाटल्या वाटणारी मंडळी मी बघितली आहेत, काय बोलणार.

५. माणसं वाटून द्या

दोघा-दोघांच्या जोड्या, एकाच्या हातात पोतं, दुसरा उचलणार, अर्ध्या तासाने बदल. एकट्याने चिखलात जायचं नाही. एक माणूस असा ठेवा जो काहीच उचलणार नाही, फक्त पाणी आणि घड्याळ बघेल आणि शिट्टी मारेल. लोकांना वाटतं हा मजा करतोय, पण तो सगळ्यात महत्त्वाचा. मुलं आली तर धक्क्यावर, मोजणीच्या वहीपाशी. सुया-गळांच्या जागी मुलं नकोत.

आणि तिथे मुळे-कालवं (शिंपल्यांचे प्रकार) काढणाऱ्या बायका येतात त्यांना एक दिवस आधी सांगा. त्या अनवाणी असतात, काच कुठे आहे आणि गळ कुठे जास्त लागतात हे त्यांच्या पायांना ठाऊक असतं. आम्हाला एका मावशीने हाताने दाखवलेल्या दोन खडकांत बरणीभर गळ मिळाले, आम्ही तिथे वर्षभर बसत होतो.

६. उचलायचा क्रम

क) आधी टोचणारं-कापणारं. काच, सुया, गळ. पहिला अर्धा तास फक्त हेच, मोजक्या अनुभवी माणसांनी. बाकीचे वर थांबतील. सुई दिसली तर हाताने नाही, चिमट्याने, टोक खाली करून बरणीत, सुईला टोपण लावायच्या भानगडीत पडू नका.

ख) मग हलकं आणि उडणारं. थर्माकोल, पातळ पिशव्या, वाऱ्याच्या बाजूने सुरू करून. नऊनंतर वारा सुटला की हे तुमच्या हातात राहत नाही. थर्माकोलचा तुकडा मोडू नका, आख्खा उचला, मोडलात की त्याचे मणी होतात आणि ते कुणाच्याच बापाला गोळा होत नाहीत.

ग) मग तंगूस आणि जाळी. यावर जरा थांबतो, कारण इथे सगळ्यात जास्त वाट लागते.

तिवरात गुंतलेली तंगूस ओढायची नाही. ओढली की ती फांदीची साल कापत जाते, तुमचं बोट पण कापते आणि शेवटी तुटून निम्मी आतच राहते. दोन टोकं शोधा, गाठीपाशी कात्रीने कापा, आणि रिकाम्या बाटलीवर गुंडाळत या, पतंगाचा मांजा गुंडाळतात तसं. बारीक तुकडे करून खाली पाडू नका.

चिखलातून वर आलेली बोटाएवढी टोकं दिसतात ना, ती तिवराची श्वासमुळं. झाड त्यातून श्वास घेतं. त्यावर पाय दिला की कुरकुर मोडतात. त्यांच्यामधून एका ओळीत चाला, सगळ्यांनी एकाच वाटेने. पन्नास पिशव्या काढायला पाचशे मुळं मोडायची असतील तर पिशव्या राहू द्या.

जाळं दिसलं म्हणजे टाकलेलं असं नाही! खुंटाला बांधलेलं, फ्लोट ताजे असलेलं जाळं कुणाचं तरी लावलेलं असतं आणि ते कापलंत तर गावात तुमचं नाव कायमचं जातं, आणि जायलाच हवं. आधी भंडारवाड्यात, कोळीवाड्यात, मोहल्ल्यात, जिथे होड्या असतील तिथे विचारा. शेवाळ चढलेलं, दगडाखाली अर्धं गाडलेलं, दोन्ही टोकं सुटी असलेलं जाळं तेवढं आपलं. तेही पूर्ण उपटू नका. जेवढं उघडं आहे तेवढं चिखलाच्या पातळीवर कापून घ्या, उरलेलं पुढच्या उधाणानंतर वर येतं.

थांबा: जाळ्यात जिवंत काही असेल तर आधी ते. चिंबोरी, मासा, पाणसाप, सोडवायचं. कासव असेल तर दोर कापा, पण जखमी कासव पाण्यात ढकलू नका, सावलीत ठेवून ओलं कापड टाका, नाकपुड्या मोकळ्या, आणि वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन. मच्छीमारांना हे पण सांगून ठेवा की कासवासारखा संरक्षित प्राणी सोडवताना स्वतःचं जाळं कापावं लागलं तर जास्तीत जास्त २५,००० रुपये भरपाईची सरकारी योजना डिसेंबर २०१८ पासून आहे, फोटो मात्र काढायला हवा. बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

घ) शेवटी जड आणि ओलं. बाटल्या उचलताना झाकण उघडून पाणी ओतून द्या आणि आत बघा, बाटलीत छोटे खेकडे नेहमी असतात.

ओंडके, शेवाळ, सुकी पानं, शिंपले यांना हात लावायचा नाही. काठ "स्वच्छ दिसावा" म्हणून हे पण झाडून काढणारे उत्साही असतात, त्यातच बारीकसारीक जिवांची घरं असतात.

गळ रुतला तर: गळाचा उलटा काटा आत गेला असेल तर तिथल्या तिथे ओढू नका, दवाखाना आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. शिंगाळा माशाचा काटा किंवा पाखट माशाची शेपटी लागली तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवा, वेदना कमी होतात, आणि मग डॉक्टर.

७. वर्गवारी वर, कोरड्या जागी

चिखलात उभं राहून वेगळं करत बसू नका. भरतीच्या रेषेच्या बऱ्याच वर, रस्त्याकडेला ताडपत्री टाका आणि तिथे ओता. ढीग पाच: बाटल्या, काच-लोखंड, जाळी-दोर-तंगूस, चपला-थर्माकोल-बाकीचं, आणि डायपर-पॅड-औषधं. शेवटचा ढीग वेगळ्या पिशवीत बांधून वर लाल खूण करा आणि गाडीवाल्याला हातात देऊन सांगा, त्याला पण घरी मुलं आहेत. सुयांची बरणी झाकण चिकटपट्टीने बंद करून सरकारी दवाखान्यात नेऊन द्या, ते त्यांच्या कचऱ्याबरोबर घेतात का हे आधी विचारून.

धुवायचं असेल तर बादलीत, खाडीत नाही. आणि "उरलेलं जाळून टाकू" म्हणणारा एक काका प्रत्येक गटात असतो. नायलॉन आणि थर्माकोलचा धूर अतिशय विषारी, काकांना चहा द्या आणि काडेपेटी काढून घ्या.

तपासा: प्रत्येक पोत्याचं तोंड बांधलंय, मोजणी वहीत लिहिली आहे, आणि गाडी भरून निघाल्याशिवाय किमान दोघं तिथून हललेली नाहीत.

८. धक्क्यावर तंगूसची नळी बसवा

हा एकदाच करायचा खर्च. चार इंची पीव्हीसी पाइप, अडीच-तीन फूट. वरच्या टोकाला एल्बो, तोंड बाजूला किंवा किंचित खाली झुकलेलं, म्हणजे पाऊस आत जात नाही. खालच्या टोकाला आटे असलेलं झाकण, त्याला दोन बारीक भोकं, पाणी साचून मच्छर होऊ नयेत म्हणून. रेलिंगला दोन क्लॅम्पने आवळायची. वर ऑइलपेंटने लिहा: "फक्त तंगूस. गळ कापून वेगळा." याहून मोठं तोंड ठेवू नका, लोक त्यात चहाचे कप कोंबतात. आम्ही पहिली नळी सहा इंची केली होती, आठ दिवसांत ती गुटख्याच्या पुड्यांनी भरली.

रिकामी कोण करणार आणि कधी, हे नाव ठरल्याशिवाय नळी लावू नका. भरून वाहणारी नळी बघितली की सगळे परत पाण्यात टाकायला लागतात.

९. तुम्ही स्वतः गरवायला जाता तेव्हा

गळांची, लूअरची (खोट्या आमिषांची) पाकिटं घरीच फोडा आणि छोट्या डबीत भरून न्या. पाकीट काठावर आणलंच नाही तर उडेल कसं. आमिष केळीच्या पानात किंवा डब्यात. तंगूसचे कापलेले तुकडे खिशात जात नाहीत, वाऱ्याने जातात, म्हणून एक झाकणाची बरणी कमरेला.

खडकाळ जागी शिशाला (गळ बुडायला लावतात त्या वजनाला) वेगळी, कमी ताकदीची तंगूस बांधा. अडकलं तर शिसंच तुटतं, गळ आणि अख्खी लाइन पाण्यात राहत नाही. शिशाऐवजी गॅरेजमधला जुना नट बांधला तरी छान चालतं, फुकट मिळतो आणि विषारी नाही. आणि शिसं दातांनी दाबून बंद करायची सवय असेल तर ती आजच सोडा, पकड वापरा.

अडकलेली लाइन हाताला गुंडाळून ओढू नका. काठीला गुंडाळा, रॉड सरळ धरा, हळू ताण द्या, बहुतेक वेळा गाठीपाशी तुटते. मधूनच कटरने कापलीत तर वीस मीटर तंगूस खडकावर राहते आणि पुढच्या माणसाचा गळ त्यात अडकतो, मग त्याची वीस मीटर. एकेका खडकाचं असंच घरटं झालेलं असतं.

१०. पुढच्या उधाणानंतर परत जा

तीस-चाळीस मिनिटं, दोन माणसं, वही घेऊन. भरतीच्या रेषेवर नवीन काय आलंय ते लिहा. तीन-चार उधाणं झाली की चित्र दिसतं. आमच्या वहीत सगळ्यात जास्त नाल्याच्या तोंडाशी होतं, म्हणून एकाने उत्साहाने नाल्यावर आडवी जाळी बांधली आणि पहिल्याच मोठ्या पावसात नाला तुंबून पाणी दोन घरांच्या अंगणात. असलं काही करायचं तर नगरपरिषदेच्या इंजिनिअरला विचारून, पावसाळ्याआधी काढून ठेवायच्या अटीवरच.

वही घेऊन गेलात की अर्जाला वजन येतं. "खाडीत कचरा आहे" म्हटलं तर साहेब मान हलवतात, "या नाल्यातून चार उधाणांत एकशे दहा डायपर" म्हटलं की खुर्चीत सरळ बसतात. आमच्या नाल्याच्या वरच्या वाडीत त्यानंतर घंटागाडी आठवड्यातून दोनदा यायला लागली. आणि धक्क्यावरच्या तंगूसच्या नळीचं एक सांगायचं राहिलं: तिच्या झाकणाचे आटे गंजत नाहीत पण चिखलाने घट्ट बसतात, रिकामी करायला जाताना पाना न्यायला विसरू नका.